बंगळूरच्या घरातला किरणोत्सर्ग आणि साडेचार वर्षांच्या मुलाचा ल्युकेमिया

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. हे कुटुंब डोंबिवलीचं. तीन वर्षांपूर्वी नोकरीमुळे बंगळूरला आलं. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता, आता साडेचारचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग, असल्याचं निदान झालं. उपचार बंगळूरलाच सुरू आहेत आणि पहिल्या टप्प्यानंतर आजार आटोक्यात आला आहे. दरम्यान कुणीतरी सांगितलं की बंगळूरच्या ग्रॅनाइटमध्ये किरणोत्सर्ग असतो. यजमानांनी ऑनलाइन मीटर मागवला. हॉलच्या मध्यभागी ०.१५ आणि गुलाबी ग्रॅनाइटच्या फरशीला टेकवल्यावर ०.२२ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास असा आकडा आला (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). सासरची मंडळी म्हणतात, घर सोडा, मुंबईला परत या. आईने विचारलंय: "आम्ही इथे आलो म्हणून हे झालं का? आणि आता उपचार मध्येच सोडून मुंबईला जावं का?"

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. किरणोत्सर्गाच्या भीतीपोटी उपचारांचा क्रम तोडू नका. मुंबईला जाण्याची दुसरी चांगली कारणं असू शकतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण मीटरवरचा ०.२२ हे त्यातलं कारण नव्हे.

मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं एका कर्करोग रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं विकिरण सुरक्षा अधिकारीही होतो. मोजणं हेच माझं काम. मुलांच्या वॉर्डातल्या आईवडिलांना कुठून तरी कळायचं की खालच्या मजल्यावर किरणं मोजणारा माणूस बसतो, आणि ते यायचे. कुणी मोबाइल टॉवरचं विचारायचं, कुणी घराच्या फरशीचं, कुणी गरोदरपणात काढलेल्या एक्स-रेचं. प्रत्येकाच्या प्रश्नाखाली खरा प्रश्न एकच असायचा: आमच्या हातून काय चुकलं? म्हणून तुमचा पहिला प्रश्न दोन ओळींत उडवून लावायची माझी इच्छा नाही. त्यात तथ्याचा एक लहानसा अंश आहे आणि तो नेमका किती लहान आहे हे तुम्हाला आकड्यांत कळायला हवं. "काही नसतं हो, काळजी करू नका" एवढ्याने रात्री झोप लागत नाही, हे मी खूप चेहऱ्यांवर पाहिलंय.

आधी जमिनीविषयी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो बेसॉल्ट, दख्खनच्या पठारावर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. या खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी असतं. बंगळूरचा पाया वेगळा आहे. तिथल्या लालबाग उद्यानात तो उघडा खडक आहे ना, ज्यावर लोक संध्याकाळी चढून बसतात, तो सुमारे तीनशे कोटी वर्षं जुना नाइस, म्हणजे उष्णता आणि दाबाने रूप बदललेला खडक. ग्रॅनाइट आणि नाइस या जातीच्या खडकांत ही तिन्ही मूलद्रव्यं बेसॉल्टपेक्षा बरीच जास्त असतात. म्हणून देशातल्या महानगरांत बाहेरून अंगावर येणारा नैसर्गिक गॅमा (खडकांतून निघणारे भेदक किरण) आणि वैश्विक (आकाशातून येणारा) किरणोत्सर्ग मुंबईत सगळ्यांत कमी, वर्षाला साधारण ०.४८ मिलिग्रे, आणि बंगळूरला साधारण ०.८२ मिलिग्रे मोजला गेला आहे. दिल्ली, चेन्नई आणि कोलकात्याचे आकडे मुंबई आणि बंगळूर यांच्या मध्ये. ग्रे हेही मात्रेचंच एकक; गॅमा किरणांपुरतं मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट एकच धरलं तरी चालतं. तेव्हा तुमच्या सासरच्यांना कुणी सांगितलं ते खोटं नाही. बंगळूरला नैसर्गिक किरणोत्सर्ग मुंबईपेक्षा जास्त आहे. फरक वर्षाला जेमतेम एक तृतीयांश मिलिग्रे.

जगातल्या माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला जवळपास निम्मा वाटा घरातल्या हवेतल्या रेडॉन वायूचा. बाकीचा जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून आणि आपल्या स्वतःच्या शरीरातल्या पोटॅशियममधून येतो. ते पोटॅशियम केळ्यातून, बटाट्यातून, डाळीतून येतं आणि शरीर त्याचं प्रमाण कायम ठेवतं. जास्त खाल्लं तर जास्त बाहेर टाकतं. मुलाची केळी बंद केली असतील तर पुन्हा सुरू करा, मात्र उपचार चालू असताना फळं कशी द्यायची हे वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना विचारून.

आता तुमच्या मीटरविषयी. हे यंत्र खोटं सांगत नाही, पण ते काय सांगतंय हे समजून घ्यावं लागतं. त्यातली नळी प्रत्येक किरण टिपल्यावर एक ठोका मोजते. घरात मिनिटाला वीस-तीस ठोके पडतात. नुसत्या योगायोगाने एका मिनिटाला अठरा आणि पुढच्या मिनिटाला एकतीस येऊ शकतात, म्हणून एका मिनिटाच्या आकड्यात वीस टक्क्यांची चढउतार अगदी सहज होते. फरशीला टेकवल्यावर तर दगडातून निघणारे बीटा किरणही बऱ्याच नळ्यांत मोजले जातात. हे किरण हवेत थोडं अंतर जाऊन थांबतात आणि कातडीपलीकडे फारसे शिरत नाहीत. अस्थिमज्जेपर्यंत, म्हणजे जिथे रक्त तयार होतं आणि जिथे हा आजार सुरू होतो तिथपर्यंत, ते पोहोचत नाहीत. मीटर मात्र त्यांना गॅमा समजून सगळं मायक्रोसिव्हर्टमध्ये लिहितो. मोजायचंच असेल तर जमिनीपासून एक मीटर उंचीवर, खोलीच्या मध्यभागी, दहा मिनिटं ठेवा आणि सरासरी घ्या. तुमचा ०.१५ हा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा आहे आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशातल्या सिमेंटच्या इमारतीत तो अपेक्षितच आहे.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पावसाळ्यात घाबरायला होणार नाही. जोराची सर आली की बाल्कनीतला आकडा अचानक वाढतो. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले कण पावसाबरोबर खाली येतात, त्यांच्यामुळे. अर्ध्या-अर्ध्या तासाने तो उतरत जातो आणि दोन-तीन तासांत पूर्ववत होतो. जूनच्या पहिल्या पावसात मला असे फोन दरवर्षी यायचे.

स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे कुणी ना कुणी विचारेलच. आपल्याकडे ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे बेसॉल्टचाच भाऊबंद असतो आणि त्यात किरणोत्सारी मूलद्रव्यं कमीच असतात. गुलाबी, लाल दगडात जास्त असतात. हॉलच्या मध्यभागी आलेल्या ०.१५ या आकड्यात तुमच्या फरशीचा वाटा आधीच मोजला गेला आहे. फरशी उखडायला जो खर्च येईल आणि जी धूळ उडेल तिचाच मला जास्त धाक वाटतो. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाच्या घरात तोडफोड करू नये. बांधकामाच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि या मुलांना बुरशीचा फुप्फुसातला संसर्ग जिवावर बेतू शकतो.

मुख्य मुद्द्याकडे येतो. एवढ्या कमी किरणोत्सर्गाने मुलांना ल्युकेमिया होतो का?

जास्त मात्रेने होतो, यात शंका नाही. हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्यांमध्ये सर्वांत आधी वाढलेला कर्करोग ल्युकेमिया होता आणि लहान वयात किरणं लागलेल्यांमध्ये त्याचं प्रमाण अधिक होतं. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट या डॉक्टर बाईंनी दाखवलं की ज्या मुलांच्या आईच्या पोटाचे एक्स-रे गरोदरपणी काढले होते त्यांच्यात बालपणीचे कर्करोग जास्त आढळतात. तेव्हा एका तपासणीत साधारण दहा मिलिग्रे लागत. अनेक वर्षं लोकांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. पुढे मात्र जगभर गरोदर स्त्रियांचे असे एक्स-रे काढणं जवळपास बंद झालं.

दहा मिलिग्रे एकदम मिळणं आणि वर्षाला एखादा मिलिग्रे कणाकणाने मिळणं यात अंतर आहे. ते अंतर तपासायला एखाद्या गावात जाऊन भागत नाही. आजार इतका विरळ आणि जागोजागच्या किरणोत्सर्गातला फरक इतका थोडा की लाखो मुलांची नोंद लागते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे केलं. १९८० ते २००६ मध्ये कर्करोग झालेली २७,४४७ मुलं आणि तुलनेसाठी ३६,७९३ निरोगी मुलं घेतली. जन्माच्या वेळी आई जिथे राहत होती त्या भागातल्या घरांचा सरासरी गॅमा किरणोत्सर्ग त्यांच्या नावापुढे मांडला. कुणाच्याही दारात गेले नाहीत आणि ते मुद्दाम. दारात गेलं की आजारी मुलाचे आईवडील आनंदाने मोजू देतात, निरोगी मुलाचे अनेक पालक नकार देतात, त्यातही गरीब वस्तीतले जास्त. मग तुलनाच वाकडी होते. २०१३ मध्ये आलेला निष्कर्ष असा: अस्थिमज्जेला जन्मापासून मिळालेल्या गॅमा किरणोत्सर्गात दर एक मिलिसिव्हर्टमागे ल्युकेमियाचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. खरा आकडा ३ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. रेडॉनशी आणि ल्युकेमियाशी स्पष्ट संबंध दिसला नाही.

दोन वर्षांनी स्वित्झर्लंडचा अभ्यास आला. तिथे जनगणनेतली वीस लाखांहून अधिक मुलं होती. आल्प्सच्या दक्षिणेकडे किरणोत्सर्ग जास्त, उत्तरेच्या सपाटीवर कमी, त्यामुळे तुलनेला देश चांगला. तिथे दर मिलिसिव्हर्टमागे वाढ निघाली सुमारे ४ टक्के. मग २०१७ मध्ये फ्रान्सचा आला. ब्रिटनीपासून मध्य फ्रान्सच्या पठारापर्यंत ग्रॅनाइटचे मोठे प्रदेश असलेला देश आणि वीस वर्षांतल्या नऊ हजारांहून अधिक ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या नोंदी. तिथे संबंध दिसलाच नाही. फिनलंडमध्येही एकूणात दिसला नाही, फक्त दोन ते सात या वयोगटात थोडी खूण मिळाली.

मला विचाराल तर मी यातून काय घेतो? परिणाम असावा, असं मला वाटतं. हिरोशिमाचं गणित खाली आणत आणलं तर साधारण याच पट्टीत येतं. त्याच गणितावरून २००९ मध्ये काढलेला अंदाज असा होता की ब्रिटनमधल्या मुलांच्या ल्युकेमियापैकी १५ ते २० टक्के नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे असू शकतील. हा टक्का ऐकून आईवडील दचकतात. पण हा सगळ्या निसर्गाचा मिळून वाटा आहे. त्यातला बहुतेक भाग डोंबिवलीत, सांगलीत, लंडनमध्ये, कुठेही राहिलं तरी मिळणारच असतो. तुम्ही घर बदलून हलवू शकता तो त्यातला फक्त एक तुकडा.

तो तुकडा किती, हे आता एकत्र बसून काढू. बंगळूर वजा मुंबई, वर्षाला ०.३४ मिलिग्रे. तीन वर्षांत साधारण एक. शरीराच्या आवरणामुळे मज्जेपर्यंत त्याचा पाऊण भाग पोहोचतो, म्हणजे ०.७५ मिलिसिव्हर्ट. ब्रिटिश आकडा लावला तर धोक्यात ९ टक्के वाढ, स्विस लावला तर ३ टक्के, फ्रेंच लावला तर काहीच नाही. आता हे टक्के कशाचे? युरोपातल्या नोंदींनुसार दोन ते पाच या वयात, जेव्हा हा आजार सर्वाधिक होतो, वर्षाला लाखात आठ-दहा मुलांना तो होतो. तीन वर्षांत लाखात पंचवीस धरू. एक लाख मुलं डोंबिवलीहून बंगळूरला आणून तीन वर्षं ठेवली, असं समजा. पंचवीस जणांना हा आजार डोंबिवलीत राहूनही झाला असता. सर्वांत मोठा अंदाज धरला तर बंगळूरमुळे आणखी दोघांना होईल. स्विस अंदाजाने एकालाही धड नाही. प्रत्यक्षात याहूनही कमी, कारण किरणं लागल्यापासून ल्युकेमिया उघड व्हायला किमान दोन वर्षं जातात. निदानाआधीच्या शेवटच्या दोन वर्षांतला किरणोत्सर्ग या हिशेबात धरताच येत नाही.

आणि त्या सत्तावीस मुलांमधली ती दोन कोणती, हे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. किरणोत्सर्गाने झालेल्या ल्युकेमियावर शिक्का नसतो. पेशी तशीच दिसते, औषधांना तसाच प्रतिसाद देते. "तुमच्या मुलाला बंगळूरमुळे झालं का" या प्रश्नाचं माझ्याकडचं प्रामाणिक उत्तर असं: जवळजवळ नक्कीच नाही, आणि "नक्कीच" म्हणण्याइतका पुरावा कुणाच्याच हाती नाही. दीर नणंदा जेव्हा खात्रीने "तिकडे गेलात म्हणून" म्हणतात, तेव्हा त्यांच्याकडेही तो नाही.

मग होतो कशामुळे? यातलं बरंचसं गेल्या तीस वर्षांत उलगडलंय. या आजाराच्या अनेक मुलांमध्ये पहिला जनुकीय बदल आईच्या पोटातच झालेला असतो. जन्माच्या वेळी टाचेतून घेतलेल्या, साठवून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांतही तो सापडला आहे. किमान शंभरातल्या एका नवजात बाळात असा बदल असतो आणि त्यांतल्या शंभरातल्या एखाद्यालाच पुढे आजार होतो. उरलेल्यांमध्ये तो विरून जातो. दुसरा धक्का जन्मानंतर केव्हातरी बसतो. लंडनचे प्राध्यापक मेल ग्रीव्ह्ज यांनी अनेक वर्षं मांडलेलं म्हणणं असं की पहिल्या वर्षात मुलाचा नेहमीच्या जंतूंशी पुरेसा संबंध आला नाही तर पुढे एखादा साधा संसर्गही प्रतिकारशक्तीला भलतीकडे नेऊ शकतो. सहा महिने किंवा जास्त स्तनपान मिळालेल्या आणि लहानपणी इतर मुलांमध्ये मिसळलेल्या मुलांत हा आजार थोडा कमी दिसतो, हे त्याला धरून आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये धोका कित्येक पट जास्त. घरात मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांशीही संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. झुरळांसाठी बंद घरात फवारणी करत असाल तर ती थांबवा, हे मी किरणोत्सर्गाचा माणूस असूनही सांगेन.

पण ही वाक्यं वाचून "मी पाचच महिने पाजलं" असा नवा हिशेब मांडू नका. ही सगळी लाखांच्या गर्दीत दिसणारी वजनं आहेत. एका मुलाच्या तराजूत त्यांतलं एकही स्वतंत्र ठेवता येत नाही. तुमच्या मुलातला पहिला बदल कदाचित डोंबिवलीत, तुम्ही बंगळूरचं नाव काढण्याआधीच, पोटात घडून गेला होता. गरोदरपणी केलेल्या मुंबई-बंगळूर विमानप्रवासाचंही तुम्ही लिहिलंय. त्यात काही मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे घरात दोन-चार दिवसांत मिळतील तेवढे. ते मनातून काढून टाका.

केरळचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी दिलं असेलच. कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पळ्ळी तालुक्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूत थोरियम आहे आणि काही ठिकाणी माणसं वर्षाला मुंबईच्या कित्येक पट किरणोत्सर्गात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तिथल्या सुमारे सत्तर हजार प्रौढांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा केला. १,३७९ कर्करोग आढळले, किरणोत्सर्गाबरोबर ते वाढलेले दिसले नाहीत. फार मोलाचं काम आहे ते. घरोघरी जाऊन मोजलंय. पण "बघा, केरळात काही होत नाही, म्हणजे धोका शून्य" असं त्यावरून म्हणता येत नाही. तो अभ्यास तीस वर्षांपुढच्या माणसांचा होता आणि त्यांत ल्युकेमियाचे रुग्ण होते अवघे ३०. एका तालुक्यात लहान मुलांच्या ल्युकेमियाचे वर्षाला दोन-चारच रुग्ण निघतील. त्यांतून दहा टक्क्यांची वाढ ओळखायला अनेक दशकं लागतील. दिलासा देणारी बाजूही पुराव्याहून जास्त ताणू नये, असं मला वाटतं. आईवडिलांना ते पुढे कळतंच आणि मग ते आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत.

रेडॉनचा प्रश्न वेगळा आहे. तो जमिनीतून झिरपणारा वायू, छातीत जाऊन फुप्फुसांच्या अस्तराला इजा करतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण मानलं जातं. मज्जेपर्यंत त्याचा फार थोडा भाग पोहोचतो. डेन्मार्कच्या एका अभ्यासात रेडॉन आणि मुलांचा ल्युकेमिया यांचा संबंध दिसला होता, ब्रिटन-फ्रान्समध्ये तो टिकला नाही. देशभर सुमारे दीड हजार घरांत झालेल्या मोजणीत भारतातली सरासरी घनमीटर हवेला २३ बेकेरेल (किरणोत्सारी पदार्थाची तीव्रता मोजायचं एकक) निघाली. जागतिक आरोग्य संघटना १०० ही संदर्भमर्यादा धरते. आपली घरं उघडी, खिडक्या दिवसभर सताड, म्हणून आकडा कमी. तुम्ही पाचव्या मजल्यावर राहता, जमिनीपासून दूर. दिवसा खिडक्या उघड्या ठेवा एवढंच पुरे. तुमच्या हातातला मीटर रेडॉन मोजत नाही, त्यासाठी वेगळं उपकरण दोन-तीन महिने टांगून ठेवावं लागतं. तुमच्या घराला त्याची गरज मला दिसत नाही.

किरणोत्सर्गाबद्दल सावध राहायचंच असेल तर जिथे तो खरोखर आपल्या हातात असतो तिथे राहा. मुलांच्या सीटी स्कॅनकडे बघा. डोक्याच्या एका सीटीत मुलाला साधारण दोन मिलिसिव्हर्ट मिळतात. बंगळूर-मुंबईतला सहा वर्षांचा फरक काही सेकंदांत. युरोपातल्या नऊ देशांत सीटी झालेल्या साडेनऊ लाख लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. आजच्या पद्धतीने सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एखाद-दोन जणांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होईल, असा त्याचा अंदाज आहे. म्हणून पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, की "एकदा सीटी काढून टाकू" हा आपल्याकडचा आग्रह मला बेचैन करतो, आणि तो पुष्कळदा पालकांचाच असतो. तुमच्या मोठ्या मुलीच्या बाबतीत हे लक्षात असू द्या. मात्र तुमच्या मुलाच्या उपचारात डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे किंवा सीटी सांगितला तर क्षणभरही नाही म्हणू नका. तिथे न काढण्यातला धोका कितीतरी मोठा असतो.

एक जुनी गोष्ट आठवते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत या आजाराच्या बऱ्याच मुलांच्या मेंदूला आम्ही किरणोपचार देत असू, १८ ग्रेपर्यंत, म्हणजे १८,००० मिलिग्रे. आजार मेंदूत लपून राहू नये म्हणून. उपचारात डोकं हलू नये म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलांचे मुखवटे करताना हात जड व्हायचे. त्यातली कितीतरी मुलं आज कमावती आहेत. आता पाठीच्या मणक्यातून दिलेल्या औषधांनी ते काम होतं आणि बहुतेक मुलांना किरणोपचार लागतच नाहीत. माझ्या विभागातलं एक काम बंद झालं याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

आणि दुसरी, जिच्यामुळे हे एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. सोलापूरकडचे एक गृहस्थ मुलीच्या निदानानंतर महिन्याभरात नवं बांधलेलं घर तोट्यात विकून मोकळे झाले. कुणीतरी घरातल्या दगडाबद्दल सांगितलं होतं. भाड्याने खोली घेतली ती रुग्णालयापासून आणखी लांब. त्यांच्या समाधानासाठी मी एका रविवारी मीटर घेऊन दोन्हीकडे गेलो. विकलेल्या घरापेक्षा भाड्याच्या खोलीत आकडा किंचित जास्तच निघाला, विटांमुळे. तो मी त्यांना सांगितला नाही. आजही कळत नाही की सांगायला हवा होता का. त्यानंतर मात्र कुणी विचारलं की घर विकण्याआधी मोजू, असं म्हणायला लागलो.

आता मुंबईला जाण्याची चांगली कारणं. आजी-आजोबा जवळ असणं हे फार मोठं कारण आहे, कारण हे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात आणि एका पालकाची नोकरी त्यात जातेच. खर्च झेपत नसेल तर महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मुंबईत बाहेरगावच्या मुलांना आणि पालकांना मोफत राहायला जागा देणाऱ्या संस्थाही आहेत. यांपैकी कशासाठी जायचं ठरलं तर आधी बंगळूरच्या डॉक्टरांशी बोला. कुठला टप्पा संपल्यावर हलणं सोयीचं हे तेच सांगतील. निदानाचे मूळ अहवाल, पहिल्या टप्प्यानंतरचा अस्थिमज्जेतल्या उरलेल्या आजाराचा अहवाल, आतापर्यंतच्या प्रत्येक औषधाची मात्रा आणि तारीख हे सगळं लेखी घ्या. मुंबईतल्या रुग्णालयाची पहिली तारीख हातात आल्याशिवाय इथली शेवटची घेऊ नका. मध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर पडलं तर त्याचं नुकसान हे लाखात दोन अशा भाषेत मोजायचं नसतं. आपल्या देशात ही मुलं हातची जातात त्यात उपचार मध्येच सुटण्याचा आणि संसर्गाचा वाटा मोठा आहे. चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतलेल्या दहांपैकी सात-आठ मुलं बरी होतात.

मोठ्या मुलीचं रक्त दर महिन्याला तपासू नका. भावंडांमध्ये धोका अगदी किंचित जास्त असतो, तपासण्यांनी तो कमी होत नाही. तिला सध्या आईवडिलांचा वेळ सर्वांत कमी मिळतोय, तेवढं पाहा.

मीटर यजमानांनी बंद करून कपाटात ठेवला तर बरं. रागावू नका त्यांच्यावर. हातात काहीतरी धरायला लागतं माणसाला. त्यांना डिजिटल थर्मामीटर द्या आणि तापाची वही त्यांच्याकडे सोपवा. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर, काटा गेला की डॉक्टरांच्या नंबरवर फोन करायचा आणि निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतू काही तासांत रक्तात पसरतात. फाइल, शेवटचा रक्ताचा अहवाल आणि कपड्यांचा एक जोड दाराजवळच्या पिशवीत भरून ठेवा आणि तुमच्या घरापासून रुग्णालयापर्यंत रात्री नऊच्या वाहतुकीत किती वेळ लागतो ते एकदा गाडी काढून प्रत्यक्ष बघून या.